तीन हजार कोटी थेंब आणि एक दाखला

लातूरच्या बाजारात तुरीचं पोतं उतरतं आणि तिथून डाळ मिलला नाहीतर गोदामात थप्पीला जातं. थप्पीत भुंगेरे शिरले तर दाण्याचं पीठ व्हायला वेळ लागत नाही, म्हणून तिला धुरी देतात. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या थप्पीपाशी ठेवायच्या, वरून जाड प्लास्टिक ओढायचं, कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबून टाकायच्या आणि काही दिवस कुणी तिकडे फिरकायचं नाही. गोळी असते जेमतेम 3 ग्रॅमची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. तो पोत्याच्या विणीतून आत जातो, दाण्यांमधल्या फटींतून सरकतो आणि दाण्याच्या पोटात बसलेल्या अळीलाही गाठतो. एवढ्याशा गोळीत अख्ख्या थप्पीच्या कानाकोपऱ्यात पोहोचण्याची ताकद असते.

धुरीचा हा व्यवसाय करायचा तर परवाना काढावा लागतो. परवान्यासाठी शेतकीची किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी हवी आणि सरकारने नेमून दिलेल्या संस्थेत किमान 15 दिवस प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा. म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, उत्तर प्रदेशातल्या हापूरची धान्य साठवण संस्था आणि हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था ही त्यातली नावं. नांदेड-लातूरकरांना जवळची अर्थातच हैदराबादची. राजेंद्रनगरला 1966 मध्ये ती सुरू झाली आणि आज राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखली जाते.

आता तोच तुरीचा दाणा काही महिने मागे नेऊ. औसा किंवा उदगीरच्या एखाद्या शिवारात तूर फुलावर आहे, शेंगा पोखरणारी अळी दिसायला लागली आहे आणि एक माणूस पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालतो आहे. त्याच्या हातात जे रसायन आहे तेही विषच, तेही कीड मारण्यासाठीच. फरक इतकाच की गोदामातला माणूस झाकण लावून दूर जातो आणि शेतातला माणूस त्याच फवाऱ्यातून दिवसभर चालत राहतो. या दुसऱ्या माणसाला कोणता दाखला लागतो? कोणताही नाही.

एकाच दाण्याच्या वाटेवरच्या या दोन माणसांपैकी विषाच्या जास्त जवळ असतो तो शेतातला. तरी सगळी कागदपत्रं गोदामातल्याकडे. असं कसं झालं ते समजून घेताना कायदा, हवा, कातडी आणि मज्जातंतू अशा चारही ठिकाणी फिरावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी थक्क करणारं काहीतरी हाती येतं.

सुरुवात कायद्यापासून. 1958 मध्ये केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात लोक जेवून अचानक मरू लागले. शंभराहून जास्त माणसं गेली. कारण निघालं ते असं की पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकत्र वाहून नेला होता, विष गळलं आणि धान्यात उतरलं. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. तिथून निघालेली वाट कीटकनाशक कायदा, 1968 आणि त्याखालच्या 1971 च्या नियमांपर्यंत आली. आजही देशातली प्रत्येक बाटली याच कायद्याखाली नोंदली जाते, बनते आणि विकली जाते.

या कायद्याचं कलम 38 मोजक्या शब्दांचं आहे, पण त्याचा पसारा अफाट. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कुणी कीटकनाशक वापरलं, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. म्हणजे कारखाना, गाडी, गोदाम, दुकान, धुरी देणारा ठेकेदार सगळे कायद्याच्या कक्षेत, आणि बाटली शेताच्या बांधावर आली की कायदा बांधाबाहेर थांबतो. 1968 साली यामागे शहाणपणच होतं. लहानसहान शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टर लावून दिला असता तर कीटकनाशक सुरक्षित झालं नसतं, शेतकऱ्याचा छळ मात्र झाला असता. ती भीती मला आजही खरी वाटते. पण मोकळीक दिली शेत कसणाऱ्याला, आणि तिची झळ लागते रोजाने फवारायला आलेल्या मजुराला, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नसते.

याच नियमांत दुसऱ्या टोकाला काय लिहिलं आहे ते पाहा. कीटकनाशकं बनवणाऱ्या आणि फवारणाऱ्या कामगारांची कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी करा, पुढे दर तीन महिन्यांनी करा. ऑर्गनोफॉस्फरस आणि कार्बामेट गटातली रसायनं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजा. संरक्षक कपडे द्या, श्वासाची उपकरणं द्या, उतारे जवळ ठेवा. नियम 42 सांगतो की उत्पादक, वितरक आणि काम चालवणारे यांनी कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं. इतकं बारीक, इतकं माणसाची काळजी घेणारं लिखाण 1971 मध्ये झालं आहे. नायगाव किंवा अहमदपूरच्या शिवारात फवारणाऱ्या मजुराचं रक्त दर महिन्याला तपासलं जातंय, असं चित्र मात्र डोळ्यापुढे आणूनही येत नाही.

ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीही या नियमांनी एक सोय केली. कोणतीही बाटली उचला, लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन दिसेल, मधोमध रेघ, खालचा त्रिकोण रंगवलेला. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या सोळाव्या हिश्श्याहून लहान असता कामा नये. लाल आणि पिवळ्यावर वरच्या त्रिकोणात विष असल्याचा इशारा, लालवर शिवाय कवटी आणि हाडं. या रंगांमागे एक मोजमाप आहे, जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने 1927 मध्ये सुचवलेलं: प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला शरीराच्या दर किलोमागे किती विष लागतं? 50 मिलिग्रॅमपर्यंत पुरत असेल तर लाल. 51 ते 500 पिवळा. 501 ते 5000 निळा. त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा.

किती सुंदर कल्पना! प्रयोगशाळेतला आकडा, त्याचा रंग झाला आणि निरक्षर माणसाच्या डोळ्यापर्यंत पोहोचला. फक्त हा रंग कुणीतरी एकदा समजावून सांगावा लागतो, आणि सांगताना दोन गोष्टी जोडाव्या लागतात. एक, हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, त्याला फक्त जास्त मात्रा लागते. दुसरी जास्त महत्त्वाची. हे माप एकदाच पोटात गेलेल्या विषाचं आहे. सलग आठ-दहा दिवस फवारणी करणाऱ्याच्या अंगावर रोज थोडं थोडं जे साचतं, ते या रंगात दिसत नाही.

साचतं कसं, हे कळायला थेंबाकडे बघायला हवं. साध्या हातपंपाची टाकी असते सोळा लिटरची. समजा त्यातल्या द्रावणाचे सगळे थेंब 100 मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे झाले. एका टाकीत किती थेंब? सुमारे 30 अब्ज. तीन हजार कोटी! पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला तीन-चार थेंब येतील, आणि ही झाली एक टाकी. थेंबाचा व्यास एक तृतीयांश केला की त्याच पाण्यातून 27 पट थेंब मिळतात. पान जास्त झाकलं जातं, कीड जास्त ठिकाणी सापडते. म्हणून बारीक थेंबाचा मोह वाटतो आणि पेट्रोलवर चालणारा पॉवर पंप शेतकऱ्याला आवडतो.

पण थेंब बारीक झाला की त्याचं वागणंच बदलतं. शांत हवेत दहा फूट खाली यायला 400 मायक्रॉनच्या थेंबाला दोन सेकंद लागतात. 100 मायक्रॉनच्या थेंबाला दहा सेकंद. 20 मायक्रॉनच्या थेंबाला चार मिनिटं. चार मिनिटांत वारा त्याला कुठे नेईल आणि तेवढ्या वेळात त्या जागेतून चालणारा माणूस किती श्वास घेईल याचा हिशेब करून बघा. त्यात पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून त्याचा प्रत्येक थेंब अधिक कडकही असतो. कीटकनाशकाला कोणतं नोझल, तणनाशकाला कोणतं, दांडी किती उंचीवर धरायची, वाऱ्याला पाठ कशी द्यायची, हा सगळा थेंबाच्या आकाराचा धडा आहे. तो शिकवल्याशिवाय येत नाही, कारण 20 मायक्रॉनचा थेंब डोळ्याला दिसत नाही.

2017 च्या पावसाळ्यात हा धडा पैनगंगेच्या पलीकडे, नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फार महाग पडला. कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती, ओळी दाट होत्या. दमट उकाडा होता. मजूर दिवसामागून दिवस फवारत होते, कुठे एकात दुसरं औषध मिसळून, कुठे नव्या पॉवर पंपांनी. उंच कपाशीत दांडी खाली धरता येत नाही, फवारा तोंडासमोर उडतो आणि चालणारा माणूस स्वतःच्याच ढगात शिरतो. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, त्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि यवतमाळसह विदर्भातल्या काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांतल्या मोनोक्रोटोफॉसला बाजारातून काढण्याचा केंद्राचा आदेश आला 2023 मध्ये. किनवट, माहूर, हिमायतनगरची कपाशी त्याच मातीतली, त्याच हवेतली. पैनगंगा ओलांडायला कीटकनाशकाला पूल लागत नाही.

आता कातडी. आपण समजतो की विष तोंडाने किंवा नाकाने आत जातं आणि कातडी ही भिंत आहे. अमेरिकेत हॉवर्ड मायबाक आणि रॉबर्ट फेल्डमन यांनी 1970 च्या आसपास स्वयंसेवकांच्या शरीराच्या वेगवेगळ्या जागी पॅराथिऑनचा अत्यल्प अंश लावून तो किती शोषला जातो ते मोजलं. हाताच्या कोपराखालच्या भागातून सुमारे 9 टक्के. तळहातातून 12. डोक्याच्या कातडीतून 32, कपाळातून 36. काखेतून 64. आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. एकाच माणसाची एकच कातडी, पण जागा बदलली की भिंतीची चाळणी होते.

हे आकडे हातात घेऊन पाठीवरच्या पंपाकडे परत बघा. झाकणाचं वायसर झिजलंय, टाकी थोडी गळते. द्रावण पाठीवरून कमरेला उतरतं, चड्डी भिजते. नेमकं जिथून सगळं शोषलं जातं तिथे ते येऊन थांबतं, आणि घामाने ओलं झालेलं सुती कापड ते दिवसभर धरून ठेवतं. वीस रुपयांचं वायसर वेळेवर बदलणं ही मास्कइतकीच मोठी सुरक्षा आहे, हे मला हे आकडे वाचेपर्यंत कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तसंच तंबाखूचं. फवारणीच्या मध्ये बांधावर बसून तळहातावर तंबाखू मळायची आणि ओठाखाली धरायची, ही आपल्याकडची साधी विश्रांती. मळताना तळहातावरचं सगळं तंबाखूत उतरतं. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकून मोकळं करणं हीही तशीच सवय. आणि पंप भरणारा! टाकीतल्या द्रावणापेक्षा बाटलीतलं औषध कितीतरी कडक असतं, म्हणून बादलीत हाताने ढवळणाऱ्याला काही क्षणांत जे लागतं ते फवारणाऱ्याला तासन्‌तास लागत नाही. हे काम पुष्कळदा घरातल्या बाईकडे किंवा पोराकडे असतं, आणि प्रशिक्षणाला कुणी बोलावलंच तर ते घरच्या पुरुषाला.

विष आत गेल्यावर काय करतं, ती गोष्ट सगळ्यात अद्भुत. आपली एक नस स्नायूला ‘आकस’ म्हणून निरोप देते तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून. निरोप पोहोचला की तो लगेच पुसायला हवा, नाहीतर स्नायू आकसलेलाच राहील. पुसण्याचं काम करतं कोलिनेस्टरेज नावाचं विकर. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो निरोप पुसतो. शरीरातल्या सर्वांत चपळ विकरांपैकी ते एक. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक नेमकं त्याच विकराला जाऊन चिकटतं. अळीतही हेच विकर, माणसातही हेच. 1930 च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत होता. 1936 मध्ये त्याच्या हाती लागलेलं टाबून हे रसायन पुढे युद्धातला विषारी वायू ठरलं. पॅराथिऑनही त्याच्याच प्रयोगशाळेतलं.

निरोप पुसले गेले नाहीत की शरीर सगळीकडून वाहू लागतं: घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब. स्नायू फडफडतात, छाती भरून येते. आणि इथे मराठवाड्याचा ऑक्टोबर घात करतो. उन्हाने आलेला घाम आणि चक्कर, विषाने आलेला घाम आणि चक्कर, दोन्ही सारखीच दिसतात. माणूस झाडाखाली बसतो, पाणी पितो, पुन्हा पंप उचलतो. ओळखायची एक खूण प्रत्येक गावाला ठाऊक हवी: डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा, बाटली सोबत घेऊन, कारण लेबलवर उताऱ्याचं नाव छापलेलं असतं. उशीर का नको, त्यालाही कारण आहे. विकराला चिकटलेलं विष काही तासांत पक्कं बसतं, आणि ते सोडवणारं प्रॅलिडॉक्झिम हे औषध मग काम करत नाही.

पहिला उतारा आहे ॲट्रोपिन. हे रसायन युरोपात बेलाडोना या झाडातून मिळालं, आणि आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही ते असतं. ज्या धोतऱ्याला आपण विषारी म्हणून लांब ठेवतो त्याच कुळातला रेणू दवाखान्यात सुईतून जातो आणि फवारणीच्या विषाला अडवतो. याचा अर्थ धोतरा हा घरगुती उपाय आहे असा मुळीच नाही. ॲट्रोपिनची मात्रा नाडी, बाहुली आणि छाती तपासत डॉक्टर मिनिटामिनिटाला ठरवतात. धोतऱ्याच्या बियांनी माणूस मरतो.

एवढं सगळं माहीत असताना शिकवतं कोण? दुकानदाराच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरंच घडलं. कृषी सेवा केंद्र चालवायला शेतीशी संबंधित शिक्षण हवं असा बदल 2015 मध्ये नियमांत आला. त्याआधीच 2003 पासून हैदराबादच्या मॅनेज या संस्थेने निविष्ठा विक्रेत्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला होता. आठवड्यातून एक दिवस वर्ग, मधूनमधून शेताला भेट. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे शेतकऱ्याचा पहिला डॉक्टर दुकानदारच असतो. दुसरीकडे परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, नांदेडचं कापूस संशोधन केंद्र, सगरोळी, पोखर्णी आणि लातूरची कृषी विज्ञान केंद्रं फवारणीबद्दल शिकवत असतात. पण ते शिक्षण येईल त्याच्यासाठी. दिवसाचा रोज बुडवून मजूर तिथे येणार कसा? अनेक गावांत फवारणीची मजुरी पंपावर ठरते, जितक्या टाक्या तितके पैसे. जो सावकाश, वारा बघून, उन्हाआधी थांबून फवारेल तो कमी कमावेल.

युरोपीय संघाने 2009 च्या निर्देशाने व्यावसायिक फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षणाचा दाखला बंधनकारक केला, शेतकरीही त्यात आला. अमेरिकेत 1972 च्या कायदाबदलापासून जास्त धोकादायक औषधं फक्त दाखलेधारकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली वापरायची. तिथली शेतं मोठी, फवारणारे हात थोडे. तोच नियम जसाच्या तसा इथे आणला तर पहिला दंड मजुराला होईल, म्हणून मी तो मागणार नाही. पण आपल्याच देशात दुसरा नमुना तयार आहे. 2023 मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटातल्या बाईला 15 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, पाच दिवस ड्रोन उडवण्याचं आणि दहा दिवस खत-औषध फवारण्याचं. औषधापासून लांब उभी राहणारी ही ताई पंधरा दिवस शिकते. मग तिच्याच गावातला पाठीवर टाकी घेणारा गडी दोन दिवस तरी शिकू शकतो, बुडालेल्या रोजासकट, त्याच्याच शिवारात, जून संपायच्या आत. खर्च औषध बनवणाऱ्यांकडून घ्यावा. नियम 42 ने प्रशिक्षणाची जबाबदारी 1971 पासून त्यांच्यावर टाकलेलीच आहे. आणि दाखला शिक्षा म्हणून नको, जादा मजुरीचा हक्क म्हणून द्यावा.

अशा दोन दिवसांत पहिला धडा पंपाचा नसावा, सापळ्याचा असावा. 2008 मध्ये सोयाबीनवर आलेल्या अळीने विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार केला, त्यानंतर राज्याने 2009-10 पासून क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा केला. त्यातली कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीची रीत बघा. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तोच प्रयोगशाळेत तयार करून रबराच्या छोट्या गोळीत भरतात आणि कामगंध सापळ्यात टांगतात. काळोखात नर तो गंध हुंगत येतो. सकाळी सापळ्यात मोजायचं. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग आले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच पंप भरायचा. त्याच्या आत असेल तर त्या दिवशी तीन हजार कोटी थेंब उडतच नाहीत, आणि कुणाची पाठही भिजत नाही.